गाफच्या रानातली गोठलेली सकाळ

आमच्या घरात दिवस कसा जाणार ते बुटांवरून कळायचं. बाबा जिना चढून वर आले की दाराबाहेर उभं राहून ते लोखंडी टोकाचे जड सेफ्टी शूज काढायचे. दोन्ही बूट एकापाठोपाठ हळू खाली टेकले तर समजायचं, बरं आहे. एखादा बूट भिंतीवर आपटला की आई गॅस बारीक करायची, दादा समोर असेल ते पुस्तक उघडायचा आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून खिडकीपाशी जाऊन बसायचे. कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आम्ही तिघं त्या बाबतीत इतके तयार झालो होतो की आजही कुणी दाराबाहेर चपला जोरात काढल्या तर माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. माझी मुलगी हसते. "मम्मा, इट्स जस्ट द डिलिव्हरी गाय," म्हणते. तिला हसता येतं, याचं मला बरं वाटतं.

बाबा अबू धाबीला लागून असलेल्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. आमची बिल्डिंग त्या औद्योगिक वस्तीच्या कडेलाच होती. सकाळी अजान, त्यामागोमाग कामगारांच्या बसगाड्यांचे हॉर्न, मग शटरं वर जाण्याचा खडखडाट, आणि एकदा ग्राइंडर सुरू झाले की संध्याकाळपर्यंत लोखंड कापल्याचा तो कर्कश सूर हवेतून जायचा नाही. उन्हाळ्यात एसीच्या घरघरीत तो थोडा बुडायचा, थंडीत एसी बंद झाला की पुन्हा वर यायचा. आई त्या सगळ्यात भाकरी थापायची. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराण्याच्या दुकानात, ज्वारीचं पीठ मिळायचं, कधी ताजं, कधी कडसर. बाबा कऱ्हाडकडचे, त्यांना इथला खुबूस, तो अरबी रोट, चालायचा नाही. "हे काय, कागद चावल्यासारखं," म्हणायचे. भाकरी थापल्याचा आवाज शेजारच्या केरळी चेचीला भिंतीतून ऐकू जायचा. "रोज क्या मारता है?" असं तिनं एकदा आईला हसत विचारलं होतं. आईनं तिला बोलावून परात दाखवली, गरम भाकरी आणि झुणका खायला घातला. बाकीचे आवाज चेचीला ऐकू जायचे की नाही, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

बाबा दारू पीत नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक ते आधी विचारतात, आणि उत्तर हो असतं तर सगळं सोपं झालं असतं. ते शुद्धीत मारायचे. दादाला जास्त, आई मधे पडली की आईला, मला क्वचित. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, बाबांच्या कानाएवढा उंच झालेला. तेच बाबा सुट्टीच्या दिवशी मटणाचा रस्सा स्वतः करायचे, मसाला भाजताना खिडक्या उघडून मोठ्यानं गायचे, पहिली नळी फोडून दादाच्या ताटात वाढायचे. दादाची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मापायचे आणि फोनवर गावाकडे सांगायचे, "पोरगं माझ्या वर जाणार बघा!" ही दोन माणसं एकमेकांशी जुळवायचा नाद मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला आहे. एकच माणूस होता, एवढं खरं.

त्या थंडीत बाबांच्या डोक्यात आलं की सगळ्यांनी मिळून डेझर्टमध्ये तंबू ठोकून राहायचं. वर्कशॉपमधले सगळे जातात, आपणच घरात कोंडून घेतो, असं म्हणाले. अल ऐनच्या पुढे, सीमेकडच्या वाळूत, गाफच्या झाडांचं एक रान आहे. गाफ म्हणजे आपली शमीच. काळसर खोड, बारीक पानं, फांद्या अगदी खालपर्यंत लोंबणाऱ्या. वाळूच्या टेकड्यांच्या मधे, जिथे खाली कुठेतरी पाणी असतं, तिथे ही झाडं गर्दी करून उभी असतात. लांबून पाहिलं तर वाटतं कुणीतरी जंगलाचा तुकडा आणून इथे विसरलं. समुद्रापासून दूर असल्यामुळे तिथली थंडी अबू धाबीसारखी लाडिक नसते. वर्षातून एखाद्या सकाळी पारा शून्याखाली जातो, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही आपले शाळेचे स्वेटर घेतले आणि आईनं माळ्यावरून दोन गोधड्या काढल्या.

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा खुशीत होते. गाडीतून शेगडी, कोळसा, मसाला लावलेल्या कोंबडीचा डबा, ठेच्याची बाटली, आदल्या दिवशीच्या भाकऱ्या असं एकेक निघालं. मग तंबूची पिशवी निघाली आणि बाबांनी ती उलटी केली. कापड पडलं, नळ्या पडल्या. खुंट्या नव्हत्या. खुंट्यांची छोटी पिशवी दादानं गाडीत ठेवायची होती आणि ती घरी दारामागे राहिली होती.

"कुठंय?" बाबांनी विचारलं.

दादानं गाडीची डिकी पुन्हा पाहिली, सीटखाली पाहिलं. मग म्हणाला, "राहिली वाटतं. आपण गाडीला बांधू ना दोऱ्या."

"एक काम सांगितलं होतं. एक."

"बाबा, इट्स जस्ट अ टेंट. रिलॅक्स."

तो शेवटचा शब्द. मला आजही तो शब्द कुणी कुणाला म्हटलेला सहन होत नाही. बाबांनी खाली पडलेली ॲल्युमिनियमची नळी उचलली. पहिला फटका दादाच्या दंडावर बसला, दुसरा पाठीवर. दादा खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं आणि तोंड झाकून, कोपरं पुढे करून. तो नेहमी असाच बसायचा. नळी वाकली तशी बाबांनी ती सरळ करून पुन्हा मारली, तो फटका हातांच्या फटीतून डाव्या गालावर बसला. "रिलॅक्स म्हणतो! मला! लेका, मी इथं कुणासाठी भाजून घेतोय?" आई धावली, तिनं नळी धरायला हात घातला, आणि ती तिच्या मनगटावर बसली. बांगडी फुटली. तेव्हा बाबा थांबले. नळी फेकून दिली, टेकडीवर जाऊन पाठ करून उभे राहिले. सूर्य मावळत होता आणि सगळी वाळू इतकी सुंदर लाल झाली होती की मला त्या रंगाचा राग आला.

कोंबडी भाजली गेली. खाल्लीसुद्धा. बाबांनीच सगळ्यांना वाढली, दादाच्या ताटलीत तंगडी ठेवली. "आय ॲम नॉट हंगरी," दादा म्हणाला, आणि आईनं इतक्या हळूच "खा रे" म्हटलं की त्यानं ती खाल्ली. चावताना त्याचा जबडा दुखत असावा. तंबू शेवटी दोऱ्यांनी गाडीलाच बांधला. आई आणि मी गाडीत झोपलो, ते दोघं तंबूत, एकमेकांकडे पाठ करून.

सकाळी मला थंडीनं जाग आली. गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या आणि समोरच्या काचेवर पांढरं काहीतरी चिकटलं होतं. मी नखानं खरवडायला गेले, तर ते बाहेरच्या बाजूला. दार उघडून हात लावला. बोटाला चटका बसावा तसं झालं. दहिवर गोठलं होतं. वाळूवर, वाळलेल्या गवताच्या काड्यांवर, शेगडीच्या कडेवर, सगळीकडे मिठासारखं पांढरं. सूर्य अजून वर यायचा होता. आई उठून गोधडी पांघरून शेगडी पेटवत होती. तंबूचं दार उघडं होतं.

"तुझा दादा गेलाय तिकडे," तिनं रानाकडे हनुवटीनं दाखवलं. "त्याच्या अंगावर पातळ टीशर्ट आहे. ही शाल दे जा. आणि त्याला परत घेऊन ये, चहा होतोय."

तिचं मनगट सुजलं होतं. मी शाल घेतली आणि निघाले. पांढऱ्या वाळूत दादाच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते, एका सरळ रेषेत गाफच्या झाडांत शिरलेले.

त्या रानात मी जितकी मिनिटं एकटी चालले, तितकी मला अजून जशीच्या तशी आठवतात. सगळं गप्प होतं. फांद्यांवरचा बारीक बर्फ मी धक्का लावला की मानेवर पडायचा. पायाखाली गवत कुरकुरायचं, पापड मोडल्यासारखं. तोंडातून वाफ निघत होती आणि मला ती मजेची वाटत होती. वाळवंटात जन्म काढलेल्या मुलीला थंडीची वाफ म्हणजे जादूच. मी दोन बोटं ओठांना लावून सिगरेट ओढल्याचं सोंगही केलं.

दादा मला रानाच्या पलीकडच्या कडेला सापडला. तिथे उंटांचा गोठा होता, इथे त्याला इज्बा म्हणतात. लोखंडी जाळीचं कुंपण, एक पत्र्याची खोली, बाहेर उभा पिकअप आणि कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचं लांब सिमेंटचं टाकं. दादा टाक्यापाशी वाकून उभा होता. मी शाल दिली ती त्यानं अंगावर घेतली नाही, माझ्याच खांद्यावर टाकली.

"हे बघ," म्हणाला.

टाक्यातल्या पाण्यावर काच धरली होती. त्यानं मूठ मारली, काच फुटली आणि त्यानं त्यातला एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. फ्रीजच्या बाहेर बनलेला बर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. पातळ, खिडकीसारखा आरपार. मी त्यातून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा डावा गाल निळसर झाला होता. तो हसला, आणि मग म्हणाला, "मनू, मी जातोय. इथून मेन रोड लांब नाही. कुणीतरी लिफ्ट देईल."

"कुठे जातोयस?"

"आय डोन्ट नो. शारजाला. मित्राकडे, वेदांतच्या घरी. आईला सांग, फोन करीन."

"बाबा..."

"बाबांना काही नको सांगू."

मी रडायला लागले. त्याच वेळी रानातून बाबांची हाक आली. "निखिल! ए निखिल!" त्यांचा तो आवाज मला ओळखीचा होता, बूट भिंतीवर आपटल्यासारखा. आणि त्या आवाजाच्या अलीकडे, खूप जवळ, दुसरा एक आवाज आला. गुड-गुड-गुड, जाड, ओला, घशातून पाणी उकळावं तसा. खरं सांगायचं तर मला आधी भीती वाटली ती बाबांची. दुसऱ्या आवाजाकडे मी नंतर पाहिलं.

कुंपणाच्या कोपऱ्यावरून एक नर उंट बाहेर आला होता. मी उंट खूप पाहिले होते, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या सहलीत, ते सगळे कंटाळलेले आणि सोशीक. हा तसा नव्हता. थंडीत नर माजावर येतात, हे मला त्यानंतर कळलं. तोंडाच्या एका बाजूनं गुलाबी मांसाचा फुगा लोंबत होता, आत जात होता, पुन्हा बाहेर येत होता आणि त्यातूनच तो आवाज निघत होता. ओठांवर, मानेवर, छातीवर पांढरा फेस. मानेमागून काळं, उग्र वासाचं काहीतरी ओघळत होतं. पुढच्या पायाला दोरीचा तुटका तुकडा होता. तो दात एकमेकांवर घासत होता. ते घासणं ऐकून मला एकदम ग्राइंडर आठवला.

"झाडावर," दादा म्हणाला. मोठ्यानं नाही. "मनू, झाडावर चढ. नाऊ." आणि त्यानं मला कमरेत धरून जवळच्या गाफच्या फांदीवर अक्षरशः फेकलं. काटे हातात घुसले. मी वर सरकले. तो माझ्यामागे चढणार तेवढ्यात उंट पळत सुटला. एवढं मोठं जनावर इतकं वेगात पळू शकतं यावर माझा विश्वास बसला नाही. दादा बाजूला उडी मारून टाक्यामागे गेला. उंट वळला. दादा पाठमोरा पळाला आणि गोठलेल्या वाळूवर घसरून पडला.

मग मी बाबांना पाहिलं. ते झाडांतून बाहेर येत होते, पायांत नुसत्या स्लिपर, अंगावर बनियन आणि वर जॅकेट. ते पळत दादाकडे आले. मला वाटलं, हे आता त्याला मारणार. देवाशप्पथ, मला तेच वाटलं. त्यांनी दोन्ही हातांनी दादाला असं ढकललं की तो लांब वाळूत जाऊन पडला, आणि दादालाही तेच वाटलं होतं, कारण त्यानं पडल्या पडल्या डोकं झाकून घेतलं. पण बाबा त्याच्याकडे वळलेच नव्हते. ते उंटाकडे तोंड करून उभे होते. "हट! हट!" असं गावाकडे बैलाला म्हणतात तसं ओरडत त्यांनी उजवा हात वर केला. उंटानं तो हात कोपराच्या खाली तोंडात धरला.

हाड मोडल्याचा आवाज मला झाडावर ऐकू आला. उंटानं बाबांना हातानं धरून उचललं, ओल्या कपड्यासारखं झटकलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. स्लिपर उडून टाक्यात पडली. मग त्यानं त्यांना खाली टाकलं आणि पुढचे गुडघे मोडून, छातीखालच्या त्या कठीण घट्ट्यानं त्यांच्यावर बसायला लागला. आपलं सगळं वजन घेऊन, सावकाश. बाबांचा आवाज बंद झाला. त्यांचे पाय वाळूत नुसते घासत होते.

मी ओरडत होते, पण कुणाला काय म्हणून, ते आठवत नाही. दादा उठला. टाक्याच्या कडेला पाणी सोडायचा एक लोखंडी पाइप पडला होता, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि उंटाच्या मानेवर हाणला. उंट हलला नाही. त्यानं पुन्हा हाणला. नाकावर, डोळ्यापाशी, त्या फुग्यावर. रक्त आणि फेस एकत्र उडाला. तेवढ्यात आई आली. ती कशी आली, कोणत्या बाजूनं, मला दिसलंच नाही. तिच्या अंगावरची गोधडी तिनं हातात घेतली, उंटाच्या अगदी तोंडाशी गेली, जिथे मी जाणं स्वप्नातही शक्य नव्हतं, आणि गोधडी त्याच्या डोक्यावर टाकून दोन्ही टोकं मानेखाली घट्ट ओढून धरली. त्याला काही दिसेना. त्यानं डोकं झटकलं तशी आई हवेत उचलली गेली, आपटली, पण तिनं टोकं सोडली नाहीत. "मार! निखिल, मार!" ती ओरडत होती. आमची आई, जिनं कधी पालसुद्धा मारली नव्हती. दादा पायांवर, गुडघ्यांवर, पोटावर मारत राहिला. शेवटी उंट उठला. गोधडी डोक्यावर घेऊन आंधळ्यासारखा कुंपणावर आदळला. जाळी वाकली. पत्र्याच्या खोलीतून राखणदार, अकबर नावाचा पठाण, पायजम्यावर पळत आला आणि पिकअपमध्ये उडी मारून हॉर्न दाबून धरत त्यानं गाडी उंटाच्या आणि आमच्या मधे घातली. "हटो! सब पीछे! यल्ला, यल्ला!" गोधडी कुंपणाच्या तारांत अडकून फाटली, आणि उंट रानाच्या दुसऱ्या बाजूला निघून गेला. तो गुडगुड आवाज बराच वेळ झाडांतून येत राहिला.

आणि तरी दादाचं मारणं थांबलं नव्हतं. समोर काही नव्हतं. तो वाळूवर मारत होता, टाक्यावर मारत होता, सिमेंटच्या ढलप्या उडत होत्या. मग तो वळला. त्याच्या पायांशी बाबा पडले होते. दादानं पाइप डोक्यावर उचललेला होता, तो तसाच वर राहिला. त्याचा चेहरा मला झाडावरून पूर्ण दिसत होता. तो रडत नव्हता. त्या चेहऱ्यात काय होतं ते मी लिहू शकते, पण लिहिणार नाही. तो माझा भाऊ आहे आणि हे प्रकरण तो वाचणार आहे.

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी वर पाहिलं, पाइपकडे, मग दादाकडे. आणि डावा हात, जो शाबूत होता तो, हळूहळू उचलून त्यांनी आपलं तोंड झाकलं. कोपर पुढे करून.

अकबर पिकअपच्या दारात एक पाय बाहेर टाकून थांबला होता. आई गुडघ्यांवर होती, तिच्या नाकातून रक्त येत होतं.

"निखिल," आई म्हणाली.

दादानं पाइप खाली टाकला. सिमेंटवर पडून तो घणघणत लांब गेला. मग दादा वाळूत बसला, बाबांच्या तोंडावरचा हात त्यानं हळूच बाजूला केला आणि त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

मोबाइलला रेंज नव्हती. अकबरनं आणि दादानं बाबांना पिकअपच्या मागच्या भागात, गवताच्या पेंढ्यांवर ठेवलं. मी शाल दिली, ती हाताभोवती गुंडाळली, ती क्षणात भिजली. रस्ता लागेपर्यंत प्रत्येक उंचवट्यावर बाबा कण्हत होते, आणि दादा दर वेळी म्हणत होता, "झालं, बाबा. झालं. आलाच रोड." सूर्य वर आला होता. मागे वळून पाहिलं तेव्हा रानावरचं पांढरं कुठेच नव्हतं. सगळं पुन्हा नेहमीसारखं पिवळं झालं होतं.

अल ऐनच्या इस्पितळात बाबांच्या मोडलेल्या बरगड्या, फाटलेलं फुप्फुस सगळं हळूहळू सांधलं गेलं. उजव्या हातात मात्र विष पसरलं आणि कोपराच्या वरून तो काढावा लागला. उंटाचा मालक, एक म्हातारा अरब, दोन मुलांना घेऊन इस्पितळात आला. खजुरांचा डबा बाजूला ठेवून तो बाबांच्या पायांशी उभा राहिला आणि डोळे पुसत अरबीत काहीतरी बोलत राहिला. मुलगा हिंदीत सांगत होता, "बाबा माफी मांग रहे हैं." आमच्या बाबांनी मान हलवली. नंतर आईला म्हणाले, "जनावर आहे. त्याचा काय दोष?" आई खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "जनावराचा नाही."

दादा शारजाला गेला नाही. बाबांना घरी आणल्यावर आईनं शेजारच्या लहान मुलांच्या नर्सरीत काम धरलं होतं, म्हणून सकाळची अंघोळ दादाकडे आली. तो शाळेला जायच्या आधी बाबांना मोरीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवायचा, पाठ चोळायचा, टॉवेलनं पुसायचा, बनियन चढवायचा. नुसता तांब्याचा आणि पाण्याचा आवाज यायचा. मी बाहेर वेणी घालत ऐकत असे. तुझ्यासाठी तुझा बाप मेला असता, असं गावाकडचे नातेवाईक फोनवर दादाला सांगायचे, आणि दादा "हो" म्हणायचा. मला एकदा त्यानं विचारलं, "मनू, तेच हात ना?" त्यांनी त्याला वाचवलं ही गोष्ट आदल्या संध्याकाळच्या नळीला पुसून टाकत नाही, आणि नळी या गोष्टीला पुसत नाही. दोन्ही राहतात. आम्ही त्यांच्यासकट जगलो.

बाबा काही महिने मऊ होते. कुणीही असतं. मग खोड परत यायला लागली. चहा गार आहे म्हणून कप सरकवून देणं, आईवर ओरडणं. एकदा रिमोट भिंतीवर फुटला. आम्ही पुन्हा पायरवाकडे कान द्यायला लागलो होतो, फक्त आता बूट नव्हते.

आणि मग ती सकाळ आली. आईच्या नर्सरीला सुट्टी होती, ती मोरीच्या दाराशी धुतलेले कपडे पिळत होती. दादा बाबांच्या डोक्याला शांपू लावत होता. फेस बाबांच्या डोळ्यांत गेला. "आंधळा आहेस का रे, लेका!" म्हणून त्यांनी डाव्या हातानं त्याच्या गालावर मारली. जोरात. ओल्या हाताचा तो आवाज साऱ्या घरात गेला. आईच्या हातातला कपडा गळून पडला. मी दारात आले.

दादानं तो हात परत खाली जाऊ दिला नाही. मनगटात धरला. पिरगाळला नाही, दाबला नाही, नुसता धरला, हवेत, तिथेच. बाबांनी ओढून पाहिला. मग दुसऱ्यांदा ओढला. बाबा त्याच्याकडे फेसातून डोळे किलकिले करून बघत राहिले. दादा त्यांच्याहून उंच झाला होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

"बाबा," तो म्हणाला, आवाज अजिबात न चढवता. "आता खलास. मला नाही, आईला नाही, मनूला नाही."

नळातून पाणी बादलीत पडत होतं. बादली भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, शांपूचं असेल. त्यांच्या हातातला जोर कमी झाला, तसा दादानं तो सावकाश खाली आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मग त्यानं तांब्या भरला आणि त्यांच्या डोळ्यांवर आपल्या तळहाताचा आडोसा धरून डोक्यावर पाणी ओतलं.

मग बाबा म्हणाले, "पाणी गार झालंय रे. गीझर लाव."

दादानं हात पुसून बटण दाबलं. आईनं पडलेला कपडा उचलला, पुन्हा विसळला आणि पिळला.

त्यानंतर आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलला नाही.